चोरलेला दम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आता सांगतोय म्हणून मला साधुसंत समजू नका. मला जे मिळालं, त्यातली एक टाळीही परत करायची माझी तयारी नाही.

माझं नाव तुम्ही ऐकलं असेल. पिंपळगाव राजाचा हुतूतूवाला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा खामगाव, अकोला, पार नागपूरपर्यंत आमच्या संघाला बोलावणं यायचं — आणि संघ म्हणजे मीच! कुणी कधी चढाईला जायचं, कुणी कुणाचा पाय धरायचा, सगळं मी ठरवायचो. शेवटची चढाई माझी. समोरच्यांच्या हद्दीत एका श्वासात मी इतका वेळ हुतूतू घुमवायचो की बायाबापड्या म्हणत, याच्या छातीत लोहाराचा भाता आहे. पण भात्यालाही वारा आत घ्यावा लागतो, हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

एकाच्या आलं. सोनाळ्याच्या कासमच्या. पिंजारी होता, अंगाने किडमिडीत, पण पकड घोरपडीची.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सामना होता. दोन्हीकडचे सगळे गडी बाद, उरलो मी आणि तो. मी चढाईला गेलो, त्याला शिवलो, वळलो — आणि त्याने मागून बरगड्यांना मिठी मारली. मधली रेघ वीतभर लांब. दम संपलेला. डोळ्यांपुढे काळोखी. मग काय केलं मी? ओठ हलते ठेवले, आवाज चालू ठेवला, आणि दोन ‘तू’ंच्या मध्ये नाकाने श्वास ओढून घेतला. हात लांबवला. रेघ गाठली.

सगळं मैदान ओरडत होतं. कासमही ओरडला — "दम तुटला याचा! माह्या हातात छाती फुगली!"

खरं होतं. कानांना कळलं नाही, पण त्याच्या हातांना कळलं.

आमच्याकडे अशा वादाला एकच तोड होती. चढाई करणाऱ्याने रेघेची माती कपाळाला लावायची आणि खरं ते सांगायचं. बुलढाण्याच्या कोर्टात देवाची शपथ घेऊन बेधडक खोटं बोलणारी माणसंही ती माती लावून खोटं बोलत नसत. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो, चिमूटभर माती उचलली, कपाळाला फासली आणि म्हणालो — "दम अखंड होता."

कचरलो का? मुळीच नाही. पुढेही गरज पडली तेव्हा श्वास चोरला, आणि तेव्हाही कचरलो नाही. मला जिंकायचं होतं. तरुण होतो, घरी भूक होती, असलं काही मी सांगणार नाही. घरी खायला भरपूर होतं.

मला फेटा बांधला. कासमला त्याच्याच गावाने ‘रड्या’ म्हटलं. हरला म्हणून नव्हे — मातीवर संशय घेतला म्हणून. त्याला संघातून काढलं. तो परत कधी मैदानात उतरला नाही. त्याची पोरं शाळेत गेली, तर तिथेही ‘रड्याची पोरं’. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मी दर सामन्याला नवा फेटा बांधून घेत होतो.

बऱ्याच वर्षांनी खामगावच्या बाजारात तो भेटला. कापसाच्या धुळीने खोकत होता. मला वाटलं, आता शिवी देईल. द्यायला हवी होती! त्याने माझे दोन्ही हात धरले. डोळे भरले होते त्याचे.

"सारं गाव म्हणते तं खरंच असन, भाऊ. माह्या हातालेच भास झाला. माफ कर मले."

आसपास माणसं उभी होती. मी एक शब्द बोललो असतो तर त्याचे हात त्याला परत मिळाले असते. आणि मी? मी त्याच्या पाठीवर थाप मारली — मोठ्या मनाच्या माणसासारखी — आणि म्हणालो, "जाऊ दे बे. होते कधी कधी."

लोक म्हणाले, काय मोठं मन आहे. ते ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पुढे कासम वारला. त्याच्या हाताला भास झाला नव्हता.