सुटलेली रिबीन

वरच्या खिडकीतून दिसलं, समोरच्या फाटकाशी एक शाळकरी मुलगी पाठमोरी उभी होती. तिच्या एका वेणीची लाल रिबीन सुटून लोंबत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. मी पेन खाली ठेवलं.

सकाळीच आठवणींच्या वहीत लिहिलं होतं, ‘शेजारच्या चिंचा चोरल्या म्हणून वडिलांनी मला भर उन्हात अंगणात उभं केलं. रिबीन सुटून माझ्या पाठीवर लोंबत होती.’ इतकी वर्षं मी हे असंच सांगत आले आणि ऐकणारे हळहळत आले. पण माझी पाठ मला दिसली कशी?

मग धड बसवेना. दोनदा उठले, पाणी प्याले, शेवटी ताईला फोन लावला.

“अगं, उन्हात मी होते,” ती हसली. “तू खिडकीत होतीस, चिंचा खात. तूच तर काढल्या होत्यास.”

“मग तेव्हाच वडिलांना सांगितलं का नाहीस?”

“लहान होतीस गं.”

‘मला’ खोडून मी ‘ताईला’ लिहिलं. खिडकीतल्या मुलीबद्दल मात्र एक ओळही उतरेना. वही तशीच टाकून मी खाली धावले, निदान ती रिबीन बांधून द्यावी म्हणून. फाटकाशी कोणीच नव्हतं.