वाकळीखालचा फ्रीज

ओसाड जागा दाखवून पैसे मिळतात, हे मला ऑस्ट्रेलियात गेल्यावर कळलं. आमच्या लोह्याकडच्या माळावर माझं सगळं लहानपण गेलं, पण तो माळ बघायला कधी कुणी आलं नाही. आलंच तर हरवलेली म्हैस शोधायला आलं आणि म्हैस सापडली की माळाकडं न बघता गेलं.

मी तिकडं गेलो होतो हॉटेलचं शिकायला. शिकलो बस चालवायला. वीस सीटची बस, मागं सामानाचा गाडा आणि आत पाठीवर सॅक घेऊन जग हिंडायला निघालेली बारा-पंधरा पोरं-पोरी. पाच दिवस तांबड्या मातीतून हिंडायचं, भुईवर अंथरूण टाकून झोपायचं, शेकोटीवर शिजवायचं आणि माश्या हाकलायच्या. माश्या इतक्या की लोक तोंडावर जाळी घालून फिरायचे. हे सगळं सुख आमच्या गावात फुकट होतं, पण त्याची जाहिरात करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

धंद्यातली खरी गोम मला एका जुन्या ड्रायव्हरनं शिकवली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बस एका उंचवट्याच्या अलीकडं, एका ठरावीक झुडपापाशी उभी करायचा. चार हात पुढं घेतली तर पलीकडचा मोबाइल टॉवर आणि पेट्रोल पंप दिसायचा, चार हात मागं घेतली तर हमरस्ता. झुडपापाशी मात्र काही म्हणजे काही दिसायचं नाही. पोरं खाली उतरायची, चहूकडं बघायची आणि गप्प व्हायची. एक मुलगी तर रडली. तिला म्हणे आयुष्यात पहिल्यांदा एवढं एकटं वाटलं होतं. तिचं एकटेपण चालू होतं तेवढ्यात मी उंचवट्यापलीकडच्या पंपावर जाऊन बर्फ घेतला, एक गरम पॅटीस खाल्लं, लाकडाची मोळी विकत घेतली आणि रान तुडवून आल्यासारखा चेहरा करून परत आलो.

जुना ड्रायव्हर म्हणायचा, लोक जे बघायला आलेत तेच दाखव, बाकीच्याकडं बसची पाठ कर. मी चार वर्षं इमानेइतबारे पाठ करत राहिलो. मग व्हिसा संपला आणि मी नांदेडला परत आलो.

आल्यावर सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. घरच्यांना वाटलं पोरगं शहाणं झालं, आता लग्नाची वऱ्हाडं नेईल. मी सांगितलं, वऱ्हाडं नाही, बॅकपॅकर. सॅक पाठीवर घेऊन येणारे लोक. वडील म्हणाले, "म्हंजे बस चुकलेले?"

माझी टूर चार दिवसांची होती. नांदेड स्टेशनवर माणसं उचलायची, लोहा, कंधारचा किल्ला, मग लातूर, त्याच्या पुढच्या मुरुडचा बाजार आणि परत. येणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, बंगळूरचे, एखाददुसरा परदेशी. त्यांच्या सॅकच्या किमतीत आमच्याकडं दुभती शेळी आली असती. त्यांना सगळं 'अस्सल' हवं असायचं. वाटेत टॉवर दिसला की तोंडं वाकडी व्हायची आणि टॉवर नसला की रेंज का नाही म्हणून मलाच विचारायचे. ऑस्ट्रेलियात एका पेट्रोल पंपाकडं पाठ केली की भागायचं. आमच्याकडं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडं पाठ करायची म्हटली तर गाडी जागच्या जागी गरागरा फिरवावी लागली असती.

पहिल्या टूरला दुपारचं जेवण कुठं द्यायचं हा प्रश्न होता. ढाबा चालणार नव्हता, ढाब्यावर पनीर मिळतं. मला मावशी आठवली.

मावशीचं गाव लोह्याहून जवळ. दर उन्हाळ्यात मी महिना-महिना तिच्याकडं पडलेला असायचो. तिचं तेव्हाचं घर म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या आणि त्यात धूर. आमच्या भागात घरी आलेला पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. निघताना बायांची ओटी भरतात, बाप्यांना टॉवेल-टोपी करतात. मी सात-आठ वर्षांचा असताना तिच्याकडं आलेल्या पाहुण्यांच्या रांगेत मीही टोपीसाठी जाऊन उभा राहिलो होतो. तिनं मला कानाला धरून बाजूला काढलं आणि म्हणाली, "तू का पाव्हणा हायस?" तेव्हा मला टोपी न मिळाल्याचं दुःख झालं होतं.

गेल्या साली तिचं घर झालं. स्लॅबचं. तीस वर्षं चुलीपुढं बसलेल्या त्या बाईनं स्वयंपाकघरासाठी हिरव्या टाइल्स स्वतः नांदेडला जाऊन निवडल्या. उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा, दोन शेगड्यांचा गॅस आणि लाल रंगाचा फ्रीज. फ्रीज अर्थात बैठकीत. आमच्याकडं तो स्वयंपाकघरात ठेवत नाहीत, आलेल्याला दिसला पाहिजे. हँडलवरचा प्लॅस्टिकचा कागद तिनं अजून काढला नव्हता. चूल मात्र गॅस आला त्याच दिवशी स्वतःच्या हातानं मोडून उकिरड्यावर टाकली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी धुरापासून जपायला सांगितलं होतं.

मी तिला म्हणालो, "मावशे, तुझ्याकडं पाहुणे आणून राहिलो. पुण्या-मुंबईचे. बारा जण."

"हाव? मपलं घर बघाया?"

"हाव, घर बघायला."

"मग आण की. गावाचं समदं बघून झालं. आता दाखवाया नवं माणूस कोणी न्हाई ऱ्हायलं."

तिला एवढंच हवं होतं. पैशाचा विषयसुद्धा तिनं काढू दिला नाही. बाहेरच्या, शिकल्या-सवरल्या माणसांनी आत यावं, ओट्यावरून हात फिरवावा, चांगलं झालंय म्हणावं. आणि मी तिला तसा शब्द दिला होता.

त्या दिवशी एक पाहुणा पोट बिघडून नांदेडलाच राहिला. उरलेल्या अकरा जणांना कंधारच्या किल्ल्यावर सोडून मी पुढं मावशीकडं गेलो, तयारी बघायला. दारात मावशी, लेकाच्या लग्नातलं भारी काठाचं लुगडं नेसून. ओट्यावर पुऱ्यांची कणीक मळून तयार.

मी कामाला लागलो. स्वयंपाकघराचं दार ओढून कडी घातली. अंगणात तीन विटा मांडून चूल केली.

"चूल? कामून? गॅसला काय झालं?"

"त्यांना चुलीवरचं आवडतं, मावशे. पुऱ्या नको, भाकरी कर. ठेचा कर."

"त्येंच्या घरी न्हाई का गॅस?"

"हाय."

"मंग?"

मी तिला लुगडं बदलायला सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. "पाव्हण्यापुढं जुनेरं नेसू?" मी म्हणालो, नेस, त्यांना साधं आवडतं. ती आत गेली आणि जुनेरं नेसून आली. माझ्यावरचा तिचा विश्वास इतका की मी सांगतो तेव्हा त्यात काही तरी शहाणपण असणारच, असं ती धरून चालली होती.

राहिला फ्रीज. तो हलवणं एकट्याचं काम नव्हतं. मी कॉटवरची वाकळ ओढली, जुन्या लुगड्यांचे थर लावून तिनं हातानं शिवलेली, आणि फ्रीजवर टाकली. माझ्या हिशेबानं ते घरातलं सगळ्यात टाकाऊ फडकं होतं. "आत गोड हाय," मावशी हळूच म्हणाली. मी म्हणालो, राहू दे, नंतर बघू. आणि पाहुणे आणायला कंधारला गेलो.

पाहुणे आले. अंगणात पाय ठेवल्याबरोबर त्यांचे आवाज देवळात आल्यासारखे खाली आले. त्यांच्यात एक मुलगी होती. तिच्याकडं हातकागदाची वही होती आणि वाटेत दिसेल ती चालरीत ती त्यात टिपून ठेवायची. ती चुलीजवळ मांडी घालून बसली आणि म्हणाली, "किती सुंदर वास आहे ना धुराला." मावशीच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. मुलीनं त्याचा जवळून फोटो काढला. त्या डोळ्यांत तिला म्हणे मायेचा ओलावा दिसला. ऑपरेशन झालेला डोळा डावा होता, हे मला माहीत होतं. मी फोटो नीट यावा म्हणून उन्हाच्या आडून बाजूला झालो.

जेवण फार गाजलं. भाकरीचा प्रत्येक पापुद्रा उलटसुलट करून बघितला गेला. एकानं ठेचा खाल्ला आणि घाम पुसत त्याला 'प्रामाणिक' म्हणाला. मावशी मात्र खाली मान घालून वाढत होती. पाहुण्याला भाकरी-ठेच्यावर वाटेला लावायचं म्हणजे तिच्या लेखी तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. अधूनमधून ती वाकळीकडं बघायची, मग माझ्याकडं. मी मान हलवायचो, नाही म्हणून.

हात धुऊन मंडळी बैठकीत आली आणि वहीवाल्या मुलीला वाकळ दिसली. त्या आख्ख्या घरात तिला हात लावून बघावीशी वाटलेली तेवढी एकच वस्तू. "हाताची शिलाई!" असं ओरडून तिनं ती मागून कशी दिसते हे बघायला टोक उचललं. वाकळ घसरून खाली आली. समोर लालभडक फ्रीज, हँडलवर प्लॅस्टिक. आणि नेमका तेव्हाच तो घरघरायला लागला.

एक जण हसला. मग सगळेच हसले. मुलगी हसली नाही. तिनं मला विचारलं, "हा झाकून कुणी ठेवला?"

मला पहिली टूर डोळ्यासमोर बुडताना दिसली. मी एका दमात म्हणालो, "जुनी माणसं हो. त्यांना लाज वाटते. बडेजाव दिसायला नको म्हणून झाकतात."

मावशी दारात उभी होती. तिला पुण्याचं मराठी चांगलं कळतं, टीव्ही आहे तिच्याकडं. तिनं माझ्याकडं बघितलं, पदरानं डावा डोळा टिपला आणि म्हणाली, "हाव. म्याच झाकला."

मग ती फ्रीजपाशी गेली आणि आतून पातेलं काढलं. फ्रूट सॅलड. कस्टर्ड घातलेलं, पिवळंधमक, वर डाळिंबाचे दाणे. सोबत काचेच्या नव्या वाट्या. पहाटे उठून केलं होतं. आमच्याकडं हे फक्त जावयाला आणि साहेबाला करतात. पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकाला दूध चालत नव्हतं. एकाला पावडरीचं चालत नव्हतं. वहीवाली मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "यापेक्षा काही इथलं नाही का? गूळ वगैरे?"

मावशीनं गूळ आणला. प्रत्येकाच्या तळहातावर खडा ठेवला. सगळ्यांनी बोटं चाटली, फोटो काढले. माझ्यापुढं तिनं न विचारता भरलेली वाटी ठेवली होती. अकरा जण बघत होते. मी वाटी बाजूला सारली आणि गुळासाठी हात पुढं केला. आयुष्यात मी बऱ्याच नालायक गोष्टी केल्यात, पण त्या हाताची मला आजही शरम वाटते.

निघताना आहेर झाला. पोरींच्या ओट्या भरल्या, खण दिले. पोरांना कुंकू लावून टॉवेल-टोपी. पाहुणे खूश, टोप्या वाकड्या करून एकमेकांचे फोटो काढत होते. मी गाडीच्या दाराशी उभा होतो. सगळ्यांचं झाल्यावर मावशी माझ्यासमोर आली. ताटात एक टॉवेल-टोपी उरली होती, त्या आजारी पाहुण्याची. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि ती नीट बसते का बघितली.

"मावशे," मी म्हणालो, "मी काय पाव्हणा हाय का?"

"परत आलात तर घर बघून जा," ती म्हणाली आणि अक्षता टाकून आत गेली. कडी काढल्याचा आवाज आला. स्वयंपाकघराची.

लातूरच्या अलीकडं पाहुण्यांनी एका ढाब्यावर गाडी थांबवायला लावली. उकडून जीव चालला होता. त्यांना थंड हवं होतं, आणि बर्फ घातलेलं नको, फ्रीजमधलंच हवं होतं. सगळे कोल्ड्रिंक आणि कुल्फ्या घेऊन बाकड्यांवर बसले. माझ्या डोक्यावर टोपी तशीच होती. काढायला हात होत नव्हता.

वहीवाली मुलगी कुल्फी चोखत माझ्याजवळ आली. "तुम्हालाही टोपी दिली त्यांनी? पण तुम्ही तर घरचे ना?"

"आमच्याकडं ड्रायव्हरलाही देतात," मी म्हणालो.

तिनं कुल्फी दुसऱ्या हातात धरली, सॅकमधून वही काढली आणि ते लिहून घेतलं.