वाया गेलेला टेक

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, एकतीस वर्षं सिनेमाच्या कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले, पण कॅमेऱ्यातून बघणारा माणूस वेगळा. भाऊजी फोकसवाले. लेन्सवरचं कडं फिरवून नटाचा चेहरा स्वच्छ ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. शॉटच्या आधी लेन्सपासून नटाच्या डोळ्यांपर्यंत टेप लावून मोजायचं, कड्यावर पेन्सिलीने खूण करायची, आणि नट दोन पावलं पुढे आला की बोटांनी कडं तेवढंच फिरवायचं. जेवायला बसलं तरी, तू सव्वा मीटरवर बसली आहेस, असं सांगून माझं डोकं उठवायचे.

त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे तर शिक्षाच. आपण रडायच्या बेतात असलो की हे कानाशी येऊन सांगणार, की त्या पत्राकडे तू आपणहून पाहिलं नाहीस. नायिकेचा चेहरा पुसट होत गेला आणि हातातलं पत्र स्पष्ट झालं, म्हणून तुझे डोळे तिकडे गेले. प्रेक्षकाला वाटतं आपण हवं तिथे बघतोय, पण त्याची मान आमच्या बोटांत असते. मी म्हणायचे, भाऊजी, मान सोडा आणि मला रडू द्या.

एका सिनेमात ताई होती. भाऊजींचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला ती सेटवर गेली. दवाखान्यातला प्रसंग होता आणि मागच्या बाकावर बसायला एक बाई कमी पडत होती, म्हणून तिलाच बसवलं. पुढे कितीतरी दिवस ताईचे पाय जमिनीवर नव्हते. सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळी पलटण घेऊन गेलो. पुढे नायक, पापण्या मोजून घ्याव्यात इतका स्पष्ट, आणि मागे एक निळसर डाग. तो डाग म्हणजे ताई. ती थेटरात हसली, पण घरी आल्यावर तडक भांडी घासायला लागली.

मी कुठली गप्प बसतेय. साऱ्या जगाच्या बायका लख्ख दाखवता, आपलीच तेवढी पुसलीत, असं मी भाऊजींना तोंडावर सुनावलं. ते इतकंच म्हणाले, की तिथे गोष्ट नायकाची होती. त्यानंतर चार महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

ताईला जाऊन आता दीड वर्ष झालं. लग्नकार्यांतले फोटो ढीगभर आहेत, पण फोटोतली ताई म्हणजे ताठ मान आणि ओढूनताणून आणलेलं हसू. हलती-चालती ताई कुठेच नाही, कारण भाऊजींनी घरात कॅमेरा येऊच दिला नाही. दिवसभर तेच, घरी तरी नको, असं म्हणायचे. मागच्या आठवड्यात चहा पिताना ते म्हणाले, की हाक मारल्यावर ती कशी वळून बघायची ते आता आठवेनासं झालंय. मी आठवून पाहिलं, तर मलाही आठवेना.

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि एकदाचं सांगितलं. दवाखान्यातल्या त्या शॉटच्या शेवटी फोकस नायकावरून थेट मागच्या दारातल्या डॉक्टरवर न्यायचा होता. मध्ये बाक होता आणि बाकावर ताई.

"पहिल्या टेकला माझा हात तिच्यावरच थांबला," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. एवढ्या वर्षांतली तेवढी एकच चूक. तुम्ही पाहिलात तो दुसरा टेक."

मी कपाळाला हात लावला. ही गोष्ट ताईला सांगितली असती तर ती बाई जन्मभर त्यावर जगली असती. का नाही सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाले, लाज वाटली. आपल्या कामात कसूर झाली हे बायकोला कसं सांगायचं?

पण तो टेक होता कुठेतरी. वाया गेलेली रिळंही डब्यात भरून स्टुडिओच्या गोदामात ठेवत असत, आणि चौकशी केली तर ते गोदाम त्याच आठवड्यात शुक्रवारी रिकामं व्हायचं होतं. डबे मोडीत जाणार होते. मी कामावर दांडी मारली. दोन दिवस आम्ही दोघं गंजलेले डबे उघडत होतो. आंबूस वासाने डोकं भणभणलं, नखं काळी झाली, आणि भाऊजी प्रत्येक डब्यावरचा सीन नंबर चष्मा वर करून वाचत होते. काही डब्यांतल्या फिल्मचा नुसता चिकट गोळा झाला होता. गुरुवारी दुपारी सापडला एकदाचा, वर लाल काट मारलेला.

गोदाम सांभाळणाऱ्या बाईंनी रीळ जुन्या संकलनाच्या टेबलावर चढवून दिलं. समोर वहीएवढा काचेचा पडदा. आवाज नव्हताच. नायक दिसला, मग तो हळूहळू विरघळला आणि त्याच्या मागून ताई वर आली. कानामागे सारलेली बट, दाबलेलं हसू. कुणीतरी हाक मारल्यासारखी ती वळली. अगं बाई, अशीच वळायची ती! मला हुंदकाच फुटला. बाकावरच्या माणसांनी कॅमेऱ्यात बघायचं नाही अशी सक्त ताकीद असते, आणि ती तिने पाळली होती. ती कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला बघत होती, जिथे कड्यावर बोटं ठेवून तिचा नवरा उभा होता. मोजून चार सेकंद. मग पडदा काळा झाला.

भाऊजींनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावताना त्यांनी खुर्ची जराशी डावीकडे घेतली. चौथ्यांदा आणखी थोडी. मला वाटलं काचेवर उजेड पडत असेल, म्हणून मी उठून खिडकी लावली. तरी ते सरकतच राहिले. मग माझ्या लक्षात आलं, ती जिकडे बघतेय तिथे जाऊन बसायची त्यांची धडपड चालली होती. पडद्यावरचं माणूस बाजूला बघत असलं, की तुम्ही कुठेही बसा, ते तुमच्याकडे न बघता तुमच्या शेजारीच बघत राहतं. हे त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक. शेवटी खुर्ची भिंतीला टेकली.

"आणखी एकदा लावा," ते बाईंना म्हणाले. "तिला मी दिसत नाहीये."