साडेबारा किनांचे पाणी

१७ जुलै २०१२, मंगळवार. लमेरन गावाला त्या दिवशी तीनशे बारा किना आणि पन्नास तोया मिळाले; शंभर तोयांचा एक किना. गावात पंचवीस घरे. घरटी साडेबारा किना. पैसे घेऊन आलेला नॅथन हा खाणकंपनीचा माणूस, राजधानीत वाढलेला, भर उन्हात पायांत मोजे घालून फिरणारा. किनाऱ्यावरच्या पुरुषांच्या घरापुढे, म्हणजे गावातल्या पुरुषांच्या बैठकीच्या जागेपुढे, एक फळी टाकून त्यावर त्याने लिफाफे ओळीने मांडले आणि कागद वाचून दाखवला. समुद्राच्या पृष्ठभागाच्या वापरात येणाऱ्या तात्पुरत्या अडथळ्याबद्दल ही रक्कम आहे, असे त्यात लिहिले होते.

अडथळा समोर दिसतच होता. किनाऱ्यापासून तीन मैलांवर कंपनीचे जहाज मार्च महिन्यापासून ठाण मांडून बसले होते. समुद्राच्या तळाशी तांबे आणि सोने आहे म्हणत होते. ते किती आहे हे पाहण्यासाठी रात्रंदिवस भोके पाडणे चालू होते.

चोवीस घरांनी सह्या केल्या. पंचविसावे घर बोआस लाकाउचे. त्याने लिफाफ्याला हात लावला नाही.

"पैसे नंतर. आधी मला सांग, विचारलं कुणाला होतं?" तो नॅथनला म्हणाला.

"मार्चमध्ये सभा झाली होती, काका."

"सभा झाली तेव्हा जहाज उभं होतं. पाहुणा घरात जेवायला बसल्यावर येऊ का म्हणून विचारतो होय?"

लोक हसले. पण बोआसचा मामा तामसेन हसला नाही. गावात त्याचा शब्द शेवटचा. सुपारीची पिंक टाकून तो म्हणाला, "सही कर, भाच्या. चार महिन्यांत एक शार्क आणला नाहीस. ते पाणी तसंही तुझ्या काय कामाचं?"

बोआसने सही केली. भर गावासमोर मामाने असे बोलल्यावर दुसरे काही करण्यासारखे उरले नव्हते.

बोआस तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. शार्क बोलावणारा लमेरनमध्ये तो एकटाच उरला होता. ही विद्या मामाकडून भाच्याकडे जाते. तामसेनने त्याला ती सोळाव्या वर्षी दिली. करवंट्यांच्या अर्ध्या वाट्या वेताच्या कड्यात ओवून केलेला एक खुळखुळा, एक जाड फास, फासाला बांधलेला लाकडी पंखा आणि एका माणसाची होडी, एवढेच सामान. होडी खोल पाण्यावर नेऊन खुळखुळा पाण्यात बुडवून वाजवायचा आणि थांबायचे. शार्क खालून येतो. छोटा मासा दाखवत दाखवत त्याला फासातून पुढे घ्यायचे, कल्ल्यांच्या मागे फास आवळायचा. मग तो कितीही खाली जायला बघो, तरंगणारा लाकडी पंखा त्याला वर ओढतो. गळ नाही, जाळे नाही. येईल तो आपणहून येतो, म्हणून त्याचे मांस सगळ्या गावात वाटायचे.

पुरुषांच्या घराच्या आढ्याला बोआसने आणलेल्या प्रत्येक शार्कचा जबडा टांगलेला असे. २०१० सालचे एकवीस, २०११ चे एकोणीस. २०१२ चा फक्त एक, तोही फेब्रुवारीतला.

या कामाचे नियम कडक आहेत. जायच्या आधी पाच दिवस पुरुषांच्या घरातच झोपायचे. डुकराचे मांस वर्ज्य. घाणीत पाय पडता कामा नये. घरात भांडण नको, आणि बायकोचा हात खुळखुळ्याला लागायला नको. नियम मोडला की शार्क येत नाही, हे लमेरनमध्ये लहान मूलही सांगेल. त्यामुळे शार्क आला नाही की प्रश्न एकच असे: चुकले कोण?

जहाज डोळ्यांसमोर उभे होते. तरी सगळ्या गावाने चूक शोधली ती बोआसच्या घरात.

ऑगस्टच्या सुरुवातीला तामसेनने सगळ्यांदेखत विचारले, "खरं सांग. घरात काय झालंय?"

"काही नाही, मामा."

"मग शार्क काय रुसलाय? नाताळापर्यंत बघीन. नाही आला तर खुळखुळा परत घेईन. तुझ्या हातात तो नुसता वाजतोय, बोलत नाही."

बोआस पस्तीस वर्षे त्या खुळखुळ्याचा माणूस होता. तो गेला तर गावात त्याला नाव उरणार नव्हते. कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी काका, एवढेच. त्याने दोन दिवस डोके शिणवले. मग त्याला आठवले की एप्रिलमध्ये एका बारशाच्या जेवणासाठी एनेताने, म्हणजे त्याच्या बायकोने, घरच्या पातेल्यात डुक्कर शिजवले होते, आणि त्याच पातेल्यात नंतर त्याचा टारो, म्हणजे अळूचा कंद, उकडला होता. हे त्याने पुरुषांच्या घरासमोर, सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. एनेता तिथेच पाणी घेऊन उभी होती.

तिने हंडा खाली ठेवला.

"पातेलं मी वाळूनं घासलं होतं. तीनदा," ती म्हणाली. "आणि मला एक सांग. माझ्या पातेल्यातल्या डुकराचा वास तुझ्या शार्कला तीन मैलांवरून येतो, आणि त्या जहाजाच्या तेलाचा येत नाही?"

"पुरुषांच्या कामात बोलू नकोस."

"बोलत नाही. जातेच." आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिचा भाऊ लामुस याच्या घरी गेली. सव्वीस वर्षांच्या संसारात असे पहिल्यांदाच झाले.

आता घरात बाईच नाही म्हटल्यावर नियम मोडायला जागाच नव्हती. बोआस पाच दिवस पुरुषांच्या घरात झोपला, रताळी आणि नारळ खाऊन राहिला आणि सहाव्या दिवशी सकाळी होडी घेऊन गेला. दुपारपर्यंत खुळखुळा वाजवला. काही नाही. पुन्हा पाच दिवस, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हाताला फोड आले तेव्हा त्याने खुळखुळा होडीत ठेवला आणि जे काम गेले काही महिने रागाच्या भरात करायचेच सोडले होते ते केले. त्याने पाणी पाहिले.

शार्क बोलावणारा आधी पाणी वाचतो. पृष्ठभागावर गुळगुळीत पट्टे असतात. त्यांत पालापाचोळा, माशांची अंडी, डोळ्यांना न दिसणारी पिल्ले साचतात. बारीक मासा तिथे येतो, त्याच्यामागे मोठा, त्याच्यामागे शार्क. बोआसला हे पट्टे घराच्या वाटेसारखे पाठ होते. आता त्यांच्या जागी राखाडी रंगाची साय होती. वल्हे बुडवून वर काढले की ती त्याला चिकटून येई आणि बोटावर तेलकट लागे. पाण्यावर एक पक्षी नव्हता. जहाजाच्या कुशीतल्या दोन नळांतून गढूळ पाण्याची धार चालू होती. तळातून उपसलेला चिखल धुऊन झाला की ते पाणी तिथेच सोडून देत.

मग त्याने वल्ह्याचे पाते पाण्यात खोल घातले आणि दांडा कानाच्या हाडाला टेकवला. असे तामसेननेच शिकवले होते. दूरवर माशांचा थवा उसळला तर लाकडातून कळतो. माशांचे काही कळले नाही. एक घरघर तेवढी ऐकू आली, अखंड, दाढेत कळ यावी तशी. मध्येच ठोका पडे आणि दांडा थरथरे. अशा गोंगाटात करवंट्यांचा आवाज शार्कने कसा ऐकायचा?

तो तडक परत आला आणि मामासमोर उभा राहिला. "होडीत बस."

"या वयात? कशाला?"

"खुळखुळा घेणार आहेस ना? घेण्याआधी एकदा कान दे."

बहात्तर वर्षांचा तामसेन कुरकुरत मोठ्या होडीत बसला. बोआसने त्याला वल्हे दिले. म्हाताऱ्याने दांडा कानाला लावला, काढला, दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "लांब घे." बोआसने होडी अर्धा मैल दक्षिणेला नेली. "अजून लांब." तिथेही तेच. होडी वाळूला लागली तेव्हा म्हातारा म्हणाला, "मी चाळीस वर्षं या पाण्याला कान लावलाय. ते गप्प असायचं, म्हणून तर आपलं ऐकू जायचं." भाच्याची माफी त्याने मागितली नाही. पण खुळखुळा परत घेण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

सप्टेंबरमध्ये नॅथन पुन्हा आला, तेव्हा बोआस वल्हे घेऊनच सभेत बसला होता. नॅथनने चित्रे दाखवली. "काम दीड किलोमीटर खाली चाललंय. वरच्या पाण्याला काहीसुद्धा होत नाही. तज्ज्ञांनी लिहून दिलंय."

"वरच्या पाण्याला काही होत नाही?"

"काही नाही, काका."

"मग साडेबारा किना कसले दिलेस? तुझ्याच कागदात पृष्ठभाग लिहिलंय."

नॅथनने कागद उलटसुलट केला. "ते... सद्भावना म्हणून."

"सद्भावनेचं नाव अडथळा ठेवता होय तुमच्याकडं?" मागून एक बाई ओरडली.

बोआसने वल्हे पुढे केले. "तज्ज्ञ राहू दे. होडी तयार आहे. चल, तू स्वतः ऐक. अर्ध्या तासात परत आणतो."

"मला तशी परवानगी नाही. शिवाय अंगात घालायचं तरंगतं जाकीट आणलेलं नाही."

"ज्या समुद्राची हमी देतोस त्यात बसायला घाबरतोस?" तामसेन म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

नॅथनने तक्रार वहीत लिहून घेतली. तिचे उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले, त्याचेही नाही. एकदा कुणी तरी, मिळालेले पैसे परत करू, असे म्हणाले. पण लमेरनच्या बहुतेक घरांनी त्या पैशांचा तांदूळ आणि डब्यातला मासा आणला होता. समोरचा समुद्र देऊन परदेशातला मासा विकत घेतला आणि डब्यासकट संपवलाही. कंपनीने केलेल्या हिशोबात लमेरनचे खाते मिटलेले होते.

बोआसचे मिटले नव्हते. तो लामुसच्या घरी गेला. एनेता ओसरीवर चटई विणत होती. तिने मान वर केली नाही.

"चूक माझी होती," बोआस म्हणाला. "पातेल्याची नव्हती."

"हे इथं कशाला सांगता?" लामुस म्हणाला. "भावजी, तुम्ही बोललात गावासमोर. धुवायचं पण गावासमोर. आमच्या घरच्या बाईवर खोटा आळ आलाय. भरपाई एक डुक्कर आणि शिंपल्यांच्या दहा माळा."

"दहा? लग्नाला पंधरा दिल्या होत्या!"

"लग्नाला आम्ही खुशीत होतो."

चटईवरून एनेता पुटपुटली, "आणि डुक्कर मीच शिजवणार. त्याच पातेल्यात."

बोआसने मान्य केले. परत येताना त्याच्या मनात जे उसळले ते त्याने नंतर तामसेनला सांगितले. "मी बायकोला चार वाक्यं बोललो, तर एक डुक्कर आणि दहा माळा. बरोबर आहे, द्यायलाच हवं. त्या लोकांनी मार्चपासून अख्खं पाणी घाण केलं, माशांची अंडी बुडवली, माझं घर मोडलं. त्यांचे साडेबारा किना, आणि ते सुद्धा सद्भावना! मामा, त्यांना गाव नाही का? त्यांना कुणासमोर उभं राहावं लागत नाही?"



ऑक्टोबरमध्ये पुरुषांच्या घरासमोर जेवण झाले. बोआसने सर्वांसमोर एनेताचे नाव घेऊन आपले शब्द मागे घेतले. डुक्कर त्याच पातेल्यात शिजले. बोआसने तिच्या हातून जेवणाचे पान घेतले आणि सगळ्यांदेखत खाल्ले. एनेता त्याच संध्याकाळी घरी आली. आल्या आल्या तिने स्वयंपाकघर झाडले आणि त्याला म्हणाली, "पुढच्या वेळी आधी पाणी बघ. मग बायकोकडं बघ."

जहाज पुढच्या वर्षी जूनमध्ये गेले. गावाने काही केले म्हणून नव्हे. कंपनीकडचा पैसा आटला असे ऐकू आले. जाताना चार पिवळी तरंगती पिंपे तशीच सोडून गेले. २०१३ साली आढ्याला एकही जबडा लागला नाही, २०१४ साली दोन लागले. बोआस अजून खुळखुळा वाजवायला जातो, आणि वाजवण्याआधी वल्हे कानाला लावून बराच वेळ बसतो.

लामुसला डुक्कर पोचले, नऊ माळा पोचल्या. एक माळ द्यायची राहिली आहे.