मागे उलटलेलं पान

एक बाही झाली होती, दुसरी राहिली होती. कॉलरवरून इस्त्री फिरवून ती दुसऱ्या बाहीकडे वळणार, तोच आतून हाक आली.

“अगं, ये लवकर! आत्ता डोकं ताजं आहे. जेवण झालं की माझ्या डोक्याची चाळणी होते.”

“आले, आले. जरा हळू बोला. शेजारच्यांना वाटेल, हाका मारून मारून तुमचा घसा बसला.”

“बसलाच आहे. बेचाळीस वर्षं झाली.”

तिनं इस्त्री बंद करून उभी ठेवली, पांढरा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि हात पुसत आतल्या खोलीत गेली. जाताना कपाटावरून चर्चमधल्या वाचनांचं जाड पुस्तक काढून घेतलं. बुधवारची सकाळ होती. रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होणार होता.

तिचं खरं नाव चर्चच्या मंडळीत फार थोड्यांना माहीत होतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा म्हणून तो घड्याळजी आणि ती घड्याळजीणबाई. एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, कपाटाएवढं. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, ते केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचे. तीन वर्षांपूर्वी एक दिवस ते जेवायला घरी आले आणि ताटाकडे बघत म्हणाले, “आज स्क्रू हरवला. चिमट्यात होता, आणि मला दिसत नव्हता.”

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. कडेचं दिसत राहील. मधलं गेलेलं परत येणार नाही. डॉक्टर चांगले होते, खोटी आशा लावली नाही. पण घरी येताना तिला वाटत राहिलं, थोडी लावली असती तर काय बिघडलं असतं?

दुकान बंद केलं. लोकांनी विचारलं तर सांगायचं ठरलं, “आता मोबाइलच्या काळात घड्याळ कोण दुरुस्त करून घेतं?” लोकांना पटलं. चालताना ते अडखळत नसत, कारण कडेचं दिसत होतं. कुणाशी बोलताना मात्र मान जरा तिरकी करून त्याच्या खांद्यापलीकडे बघायचे. समोर बघितलं की समोरचा माणूस करड्या डागात नाहीसा व्हायचा आणि बाजूला बघितलं की थोडा तरी हाती लागायचा. चर्चमधले काही जण म्हणू लागले, घड्याळजींना हल्ली तोरा आलाय, तोंडाकडे बघून बोलत नाहीत. ती ऐकायची आणि गप्प बसायची. तोरा परवडला, कीव नको, असं त्यांचं म्हणणं.

राहिलं होतं ते वाचन. महिन्यातून एका रविवारी वेदीजवळ उभं राहून बायबलमधलं पहिलं वाचन ते करायचे, आणि आगमनकाळाचा पहिला रविवार तर त्यांचाच. एकतीस वर्षं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, घाई नाही. डोळे गेल्यावर दोघांनी मिळून एक पद्धत बसवली. ती एक एक वाक्य वाचायची, ते मागून म्हणायचे. शनिवारपर्यंत सगळं पाठ. ओळ कुठं संपते, पान कुठं उलटायचं, तेही ती सांगायची. मग रविवारी ते पुस्तकावर बोट ठेवून, ओळीला ओळ लावून, असं काही म्हणायचे की समोर बसलेल्या तिलाही क्षणभर वाटायचं, दिसतंय यांना.

“दुकान गेलं तर गेलं,” ते एकदा तिला म्हणाले होते. “हे तेवढं जाऊ देऊ नकोस.”

तिनं ते मनावर घेतलं होतं. दिलेला शब्द म्हणून घेतलं होतं.

आता पुस्तकाचं सांगायला हवं. चर्चमधली वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यानं येतात: वर्ष अ, वर्ष ब, वर्ष क. आणि हे वर्ष जानेवारीत बदलत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं. घरातल्या पुस्तकात तिन्ही वर्षं एकापाठोपाठ होती. खुणेची फीत अगदी शेवटच्या रविवारी ठेवलेली होती, म्हणजे वर्ष अच्या शेवटच्या पानावर. पुढे एकच पान उलटायचं होतं. पण वर्ष संपलं की माणूस सुरुवातीला जातो. तिनं सगळी पानं मुठीत धरून मागे नेली, पहिलं पान काढलं. वर मोठ्या अक्षरात होतंच: आगमनकाळाचा पहिला रविवार. तिन्ही वर्षी मथळा तोच असतो. कोपऱ्यात बारीकसं ‘अ’ होतं. गेल्या वर्षीपर्यंत ते अक्षर बघायचं काम त्यांचं असायचं. भिंग धरून, पुस्तक खिडकीशी नेऊन, ते स्वतः खात्री करायचे. यंदा भिंगानंही काही उरलं नव्हतं.

तिनं वाचायला सुरुवात केली. ते मागून म्हणू लागले. तिसऱ्या वाक्याला थांबले.

“हे फार ओळखीचं वाटतंय गं.”

“एकतीस वर्षं वाचताय. ओळखीचं नाही वाटणार तर काय परकं वाटणार?”

“तसं नाही. हे आत्ता आत्ताचं वाटतंय.”

“पुढे म्हणा. माझी भाजी राहिलीय अजून.”

ते हसले आणि पुढे म्हणू लागले. भाजी! पुढे किती दिवस हा शब्द तिच्या कानात वाजत राहिला, ते तिचं तिलाच माहीत.

रविवारी चर्च भरलं होतं. वेदीवर जांभळं कापड, बाजूला हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या, त्यांतली एकच पेटलेली. ती तिसऱ्या बाकावर होती. पुढच्या बाकावर निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. छापील पत्रक हातात धरून त्या दर रविवारी एक एक शब्द ताडून बघायच्या. वाचणाऱ्यांना धडकी भरायची ती फादरांची नाही, मोठ्या बाईंची.

घड्याळजी उठले. पायऱ्या चढले, त्याही मोजलेल्या. पुस्तक उघडलेलंच होतं. त्यांनी बोट ठेवलं, संदेष्ट्याचं नाव घेतलं आणि सुरू केलं. दोन्ही वर्षी वाचन त्याच संदेष्ट्याचं, म्हणून नावापर्यंत कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या वाक्याला पत्रकं सळसळली. तिला वाटलं, लोक पान शोधतायत. तिसऱ्या वाक्याला मोठ्या बाईंची मान वर आली. डोंगराचं वाचन होतं. सगळी राष्ट्रं तिकडे निघालीयत, शस्त्रं मोडून शेतीची अवजारं केलीयत, असं. त्यांचा आवाज लागला होता. मोठ्या बाईंनी आधी खाकरून बघितलं, मग राहवलं नाही.

“घड्याळजी, हे गेल्या वर्षीचं! वर्ष बदललं!”

ते थांबले.  घरून आणलेलं पुस्तक तिच्या मांडीवर होतं, तिनं कोपरा बघितला. अ.

नवे फादर तरुण होते, मनानं चांगले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं पान चुकलं. ते उठून जवळ गेले, उघड्या पानावरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, पण समोरच्या माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“काका, इथून. हे बघा, इथून.”

घड्याळजींनी खाली बघितलं. मग मान तिरकी केली. मग दुसरीकडे तिरकी केली. बोट फादरांच्या बोटाशेजारी येऊन थांबलं, आणि तिथंच राहिलं.  आणि एकेकाला कळत गेलं. ते कळणं ती बघत होती, बाकामागून बाक, चेहऱ्यामागून चेहरा.

तिनं घाईघाईनं फीत ओढली, एक पान पुढे उलटलं. ब. आणि काही विचार न करता उभी राहिली. त्यांना ऐकू जावं, त्यांनी मागून म्हणावं, घरी म्हणतात तसं, एवढंच तिच्या मनात होतं. पहिलं वाक्य वाचून ती थांबली. वेदीजवळून आवाज आला नाही. दुसरं वाचलं. ते नुसते उभे होते, बोट पानावर. आता मध्येच थांबणं त्याहून वाईट दिसलं असतं. ती वाचत गेली. यंदाचं वाचन विलापाचं होतं. देवाला विचारणारं, तू आमच्यापासून तोंड का लपवलंस, आम्ही वाळक्या पानांसारखे का झालो.  तिनं शेवटपर्यंत वाचलं. मग सगळ्यांनी मिळून वाचनानंतरचं ठरलेलं उत्तर दिलं, आणि ते पायऱ्या उतरून, न अडखळता, तिच्या शेजारी येऊन बसले. तिच्याकडे वळले नाहीत.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाल्यावर बाहेर अंगणात लोकांनी तिला घेरलं.

“काय वाचलंत हो घड्याळजीणबाई! अंगावर काटा आला.”

“इतकी वर्षं कुठं लपवून ठेवला होता आवाज?”

मोठ्या बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. आपण काय केलं ते त्यांना उमगलं होतं. घड्याळजींना सावरायला त्या पुढे आल्या. “चष्मा विसरलात ना आज? होतं असं. मीही विसरते.”

“हो,” ते म्हणाले. “विसरलोच.”

गायकवृंदात खालच्या पट्टीत गाणारा सुतार मागेच उभा होता. त्याला बिचाऱ्याला काही सुधरत नव्हतं. “नाकावर आहे की चष्मा,” तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. दुसरं कुणी हसलं नाही. घड्याळजी हसले. त्यांचं ते हसणं तिला सोसवलं नाही.

तेवढ्यात फादर आले. “काकू, पुढच्या खेपेपासून काकांच्या जागी तुम्हीच वाचा ना. काकांनाही बरं वाटेल. हो की नाही, काका?”

“वाटेल की,” घड्याळजी फादरांच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाले.

 घरी जेवताना ती म्हणाली, “माझं चुकलं. मागे उलटलं पान. कोपरा बघितला नाही.” ते म्हणाले, “मीठ दे.” मीठ त्यांच्या हाताशीच होतं. तिनं उचलून दिलं.

फादरांनी आगमनकाळासाठी सगळ्या घरांना सांगितलं होतं, रोज संध्याकाळी एक मेणबत्ती लावा, दहा मिनिटं गप्प बसा, आणि ज्याची वाट बघताय त्याचं मनन करा. ती कधी चुकवत नसे. दिवेलागणीला तिनं मेणबत्ती लावली. ते येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले, खुर्ची ओढून बसले. तिला बरं वाटलं. तिनं डोळे मिटले. प्रार्थना सुरू करायला गेली तर आत काहीच नव्हतं. रोजचे शब्द होते, पण दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

“गंमत बघ,” ते मध्येच म्हणाले. गप्प बसायचं होतं, पण तिनं अडवलं नाही. “फादर म्हणतात, वाट बघा. आता वाट बघायची तर बघायला नको का? मला वाटच दिसत नाही. बघू काय, कपाळ?”

ती हसली नाही. त्यांनाही हसू आलं नाही.

“तू वाचलंस, चांगलं वाचलंस,” ते म्हणाले. “तेच लागलं मला. चुकलीस ते नाही लागलं. चुकतं माणसाचं.”

“तुम्ही मागून म्हणाल म्हणून उभी राहिले मी. शपथ घेऊन सांगते.”

“माहीत आहे. म्हणणार होतो. तोंड उघडलं, आणि वाटलं, आता सगळ्यांना माहीतच झालंय, तर पोपटासारखं कशाला? कुणापुढे?”

“म्हणजे पुढच्या महिन्यात…”

“नाही.”

“मी नीट बघीन. कोपरा बघीन, दोनदा बघीन. हवं तर मोठ्या बाईंना दाखवून घेईन.”

“अगं, पानाचं नाही राहिलं ते.” त्यांनी हात पुढे केला, मेणबत्तीची ऊब चाचपली, मागे घेतला. “मी उभा राहिलो की लोक आता वाचन ऐकणार नाहीत. आंधळा कसा म्हणतो ते ऐकतील. आणि शाबासकी देतील. तू जाऊन सांग फादरांना, नाव काढा म्हणावं.”

“आणि माझं?”

“तुझं तू बघ.”

ते उठून आत गेले. दहा मिनिटं अजून झाली नव्हती. ती बसून राहिली. देवाला काही विचारावं असं वाटत होतं, पण सकाळी सगळ्या मंडळीसमोर तेच तर विचारून झालं होतं, मोठ्यानं, आणि लोकांना ते आवडलं होतं. उत्तर तेव्हाही आलं नव्हतं, आताही आलं नाही. मेण वितळून बशीत उतरलं. फादरांना नाही म्हणायचं कसं, याचे शब्द ती मनातल्या मनात जुळवत राहिली. एकही धड जुळला नाही.

चर्चचं ऑफिस सोमवारी दहाला उघडतं. वाचकांच्या यादीतून त्यांचं नाव खोडायला सांगायला, आणि त्या जागी आपलं घालू नका म्हणून सांगायला, तिला तिकडे जायचं होतं.