वाळूच्या वाटेचं तोंड

घाट जिथे संपतो तिथे, उताराच्या पायथ्याशी, तिचं माहेर होतं. वरून उतरणारा ट्रक आधी कानांना कळायचा, मग नाकाला आणि शेवटी डोळ्यांना. तापलेल्या ब्रेकचा जळका वास घरात शिरला की आई हातातलं काम टाकायची आणि दोन्ही पोरांना दंडाला धरून मागच्या दाराने बाहेर न्यायची. ट्रक निघून गेला की पुन्हा आत. जेवता जेवता असं मधेच उठून पळायचं असतं, सगळ्यांच्याच घरी पळतात, असं तिला लहानपणी वाटायचं.

वडिलांचं शिवणकामाचं दुकान मात्र रस्त्याच्या पलीकडे होतं आणि त्याला मागचं दार नव्हतं. एका दुपारी सरकी भरलेला ट्रक त्या दुकानात शिरला. ती शाळेत होती. घरी आली तेव्हा दुकानाच्या जागी ट्रकचं मागचं फळकूट दिसत होतं आणि दोन राज्यांचे पोलीस हुज्जत घालत होते. कारण राज्याची हद्द घाटाच्या मध्यावरून जायची. ब्रेक गेले वरच्या राज्यात, माणूस गेला खालच्या राज्यात. वरचे म्हणत, मृत्यू तुमच्याकडे झाला, तुम्ही बघा. खालचे म्हणत, गाडी तुमच्याकडून आली, तुम्ही बघा. बघितलं कुणीच नाही.

तेव्हापासून ती भित्री झाली ती झालीच. धाकटा भाऊ उलट. तो ट्रकच्या मागे धावायचा, ड्रायव्हरांच्या मांडीवर बसायचा आणि पुढे त्यांच्याच गाड्या दुरुस्त करायला लागला. हातात कायम पाना, म्हणून त्याचं नावच पान्या पडलं. तो तिला ‘घाबरट’ म्हणायचा, अगदी तिच्या नवऱ्यासमोरसुद्धा.

घाटातले अपघात थांबेनात, याचं कारण सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. हद्दीवर दोन नाके होते. एका नाक्यावर वजन, तपासणी, शिक्का. आणि हाकेच्या अंतरावर पुन्हा तेच वजन, तीच तपासणी, दुसरा शिक्का. माथ्यावर ट्रकांची रांग लागायची, भाजीपाला नासायचा, औषधं उन्हात तापायची. इतका वेळ वाया गेला की ड्रायव्हर तो उतारावर भरून काढायचे. गाडी सोडून द्यायचे, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचे आणि खालच्या वळणापर्यंत ब्रेक जळून जायचे. मग एकदा गॅसचा टँकर उलटला. वरच्या गावालाही झळ लागली, खालच्यालाही. तेव्हा कुठे दोन्ही राज्यांचे साहेब एका टेबलाशी बसले.

ठरलं ते असं. नाका एकच, माथ्यावर, दोघांचा मिळून. एकदाच वजन, एकदाच तपासणी. तिथेच जड गाड्यांनी थांबून ब्रेक निववायचे आणि हिरवी चिठ्ठी घेऊनच उतरायचं. पायथ्याशी एक चौकी. दोन्हींच्या मधे वायरलेस. आणि शेवटच्या वळणावर, वस्तीच्या जरा वर, डोंगराच्या अंगाला चढत जाणारी भुसभुशीत वाळूची एक रुंद वाट. ब्रेक गेलेल्या गाडीने सरळ तिच्यात घुसायचं, वाळू गाडीला गिळते आणि थांबवते. जागा एका राज्याने दिली, वाळू दुसऱ्याने.

खालच्या चौकीत वायरलेसवर बसायला माणूस हवा होता. तिने अर्ज केला.

“घाबरटाला कुणी पहाऱ्यावर ठेवतं का?” पान्या म्हणाला.

“घाबरटालाच ठेवावं,” ती म्हणाली. “तुझ्यासारखा शूर ठेवला तर झोपा काढेल.”

चौकीची खोली एकच. एका भिंतीवर दोन कॅलेंडरं, दोन राज्यांची. सुट्ट्या कधी जुळायच्या नाहीत. वरच्या राज्याचा एक शिपाई तिच्याबरोबर ड्युटीला असायचा. पंख्याचं तोंड कुणाकडे ठेवायचं, यावरून त्यांची रोज कुरकुर चालायची. टेबलावर वायरलेस, शेजारी भोंग्याचं बटण आणि रस्त्याचा आडवा दांडा पाडायचा खटका. समोरच्या खिडकीतून वळण आणि वाळूच्या वाटेचं तोंड दिसायचं.

माथ्यावर वायरलेसवर बसणारे काका वरच्या राज्याचे. घाटातली बरीचशी वळणं त्यांना वरून दिसायची. त्यांची भाषा वेगळी, पण हिची त्यांनी अर्धीमुर्धी शिकून घेतली होती. जड गाडीला ते हत्ती म्हणायचे, हलकीला शेळी. “ताई, दोन शेळी, एक हत्ती सोडला,” असा त्यांचा जाड, घोगरा आवाज आला की ती खिडकीकडे बघायची आणि हत्ती वळणावरून नीट पुढे गेला की “हत्ती दिसला, काका,” म्हणायची. प्रत्येक हत्ती पुढे जाईपर्यंत ती खिडकीची चौकट धरून उभी राहायची.

पान्याने त्याच वाळूच्या वाटेच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान थाटलं. सावली होती, गाडी वळवायला ऐसपैस जागा होती. ती चिडली. “ती जागा मोकळी ठेवायची असते, पान्या.”

“तुझ्या वाळूत अजून मांजर रुतलेलं नाही,” तो म्हणाला. “गाडी उभी राहते ती तेवढ्यापुरती. चाक लावलं की गेली.”

साहेबांना एक शब्द सांगितला असता तर दुकान त्याच दिवशी उठलं असतं. पण त्याच्या दोन मुली लहान होत्या, धंद्याचा आत्ता कुठे जम बसत होता, आणि वहिनीच्या तोंडी लागायची तर तिची हिंमतच नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करत ती गप्प राहिली आणि खिडकीतून तिकडे बघून रोज जीव मुठीत धरत राहिली.

त्या दिवशी शाळा सुटायची वेळ होती. काकांनी एक हत्ती सोडल्याचं नेहमीच्या सुरात सांगितलं होतं, लोखंडाच्या पत्र्याच्या गुंडाळ्या भरलेला लांब ट्रेलर. ब्रेक तपासलेले, चिठ्ठी दिलेली. थोड्याच वेळात वायरलेस पुन्हा खरखरला.

“ताई.” मग नुसताच श्वास. “ताई, हत्ती. ब्रेक नाही. धूर निघते. दिवे मारते तो, हॉर्न सोडत नाही. ब्रेक नाही, ताई.”

तिचं बोट भोंग्याच्या बटणावर होतं, पण ते दाबलं जात नव्हतं. बोट जणू दुसऱ्या कुणाचं होतं. शिपायाने तिच्या खांद्याला हिसका दिला तेव्हा ते दाबलं गेलं. भोंगा घाटभर घुमला. तिने दांडा पाडला, खालून चढणाऱ्या गाड्या थांबल्या. शिपाई शाळेच्या फाट्याकडे धावत सुटला, पोरांना आत कोंडायला.

आणि मग तिने खिडकीतून पाहिलं. वाळूच्या वाटेच्या तोंडात पाण्याचा टँकर आडवा उभा होता. पुढचं एक चाक काढलेलं, खाली जॅक. टँकरखालून पान्याचे दोन पाय बाहेर आलेले. पाय हलत नव्हते. भोंग्याची चाचणी अधूनमधून व्हायची. तीच चालली आहे असं समजून तो निवांत काम करत होता.

वायरलेस सोडून उठायचं नाही, हा चौकीचा पहिला नियम. ती उठली. दार ढकललं आणि चढावर पळत सुटली. चपला कुठे गेल्या तिला कळलं नाही. जळका वास आला. वडील गेल्यापासून हा वास आला की ती त्याच्याकडे पाठ करून पळायची. आता तो समोरून तोंडावर येत होता आणि ती त्याच्यातच शिरत होती. वरून हॉर्नचा एकसारखा आवाज वळणावळणाने मोठा होत होता.

तिने त्याचा पाय धरून ओढला. “पान्या, बाहेर ये.”

“टेस्टिंग आहे गं ते.”

“नाही.”

तो सरपटत बाहेर आला. तिचा चेहरा पाहिला, हॉर्न ऐकला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याला घाबरलेलं तिने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“चाक नाही गाडीला,” तो पुटपुटला. “ही हलायची कशी?”

“तूच सांग.”

त्याने मागच्या चाकाखालचा दगड हातोडीने उडवला आणि केबिनमधे चढला. “बाजूला हो,” एवढंच म्हणाला. हँडब्रेक सुटला तसा टँकर जॅकवरून घसरला, चाक बसतं त्या नुसत्या ड्रमवर धाडकन आदळला आणि उताराला डांबर ओरबाडत मागे सरकू लागला. पान्या स्टिअरिंगला लोंबकळत होता. मागची चाकं गटारात गेली. पण टँकर तिथेच अडकला. वाट अर्धीच मोकळी झाली होती.

“उतर!” ती किंचाळली. आदळण्याने दार चौकटीत घट्ट दाबलं गेलं होतं, ते उघडेना.

तेवढ्यात ट्रेलर वळणावर आला. चाकांतून धूर, पुढच्या काचेमागे एक तोंड, उघडं, बहुधा ओरडत असलेलं. ड्रायव्हर परमुलखातला, वाळूची वाट त्याला दिसत होती की नाही, आणि दिसली तरी अर्ध्या अडलेल्या वाटेत तो गाडी घालेल की सरळ वस्तीत जाईल, कोण सांगणार? ती रस्त्यावर आली आणि दोन्ही हात वाळूच्या दिशेने फेकत राहिली. इकडे. इकडे घाल. आवाज फुटत होता की नाही तिला आठवत नाही. आपण मरणार, एवढंच तिला स्वच्छ कळत होतं, आणि हात खाली येत नव्हते.

ट्रेलर वळला. तिच्या अंगावरून गरम वारा गेला. पुढचं तोंड वाळूत घुसलं, शेपूट फिरलं आणि पान्या बसलेल्या केबिनवर आदळलं. मग वाळूचा असा लोट उठला की काहीच दिसेना. हॉर्न थांबला होता.

वाळू खाली बसली तेव्हा ट्रेलर जवळजवळ दारापर्यंत रुतलेला दिसला. एक गुंडाळी साखळ्या तोडून वाळूत आडवी पडली होती. ड्रायव्हर खिडकीतून उतरला, चार पावलं चालला आणि बसून ओकला. ती टँकरकडे गेली. आत पाहायचं धाडस तिला होईना. दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला आतून आवाज आला, “पाय अडकलाय.”

सर्वांत जवळचं मोठं इस्पितळ माथ्यापलीकडे, वरच्या राज्यात. पूर्वी हद्दीवर रुग्ण एका गाडीतून दुसरीत घालावा लागायचा. आता शिपायाने वायरलेसवर कळवलं आणि काकांनी सांगितल्याबरोबर वरची अँब्युलन्स सरळ खाली आली आणि कुणी काही न विचारता त्याला घेऊन गेली. वाटभर ती त्याचा हात धरून होती आणि प्रत्येक वळणाला डोळे मिटत होती.

पाय वाचला, पण गुडघ्यातून वाकेनासा झाला. चौकशीला दोन्ही राज्यांचे साहेब आले. दुकान वाटेच्या तोंडाशी होतं, हे मला ठाऊक होतं आणि मी कळवलं नाही, असं तिने सांगून टाकलं. तिला दोन मेमो मिळाले: एक न कळवल्याचा, एक वायरलेस सोडल्याचा. ट्रेलरची ब्रेकची नळी आतून फुटली होती, ती वरच्या तपासणीत दिसण्यासारखी नव्हती. तेव्हापासून नळ्याही बघायचं ठरलं. वाळूच्या वाटेभोवती कुंपण आलं. वहिनी बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही.

काका एकदा सुट्टी काढून खाली आले. आवाजावरून तिने धिप्पाड माणूस गृहीत धरला होता. आला तो काडीसारखा, चष्मेवाला. दोघं चहा घेऊन समोरासमोर बसली. काका म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही उत्तर दिलं नाही. मी बोलत राहिलो, बोलत राहिलो. मला वाटलं, खाली कुणी उरलंच नाही.” मग चष्मा काढून पुसत बसले.

इस्पितळात पान्या शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलला, ते ती आता हसून सांगते.

“वायरलेस सोडून आलीस. चालतं का तसं?”

“नाही चालत,” ती म्हणाली.

“मग?”

“मला भीती वाटली.”

“मला पण,” तो म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून झोपायचा प्रयत्न केला. पण पाय बांधलेला होता, त्याला कूस बदलता येईना.