साडीवरचा शर्ट

“ही गाडी पळवणार का पदर सांभाळणार?”

शेअर रिक्षात शेजारची बाई मैत्रिणीला म्हणाली आणि दोघी हसल्या. बोलणं माझ्या मोबाइलवरच्या चित्राबद्दल होतं. गाड्यांच्या शर्यतीच्या एका गेमसाठी, ॲप स्टोअरच्या मराठी पानावर लावायला मी ते केलं होतं. नऊवारी, नथ, हातात स्टिअरिंग. बेंगळुरूच्या सरांना तसंच हवं होतं आणि मी नेहमीसारखं ‘ओके’ टाइप केलं होतं.

ती बाई मला रोज भेटायची. भवानी पेठेत टॉवेलच्या कारखान्यापाशी उतरायची. साडीवर जुना पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर सुताचे बारीक तंतू. बसली की हाच गेम काढायची. गेममध्ये वळण आलं की स्वतःही माझ्या अंगावर कलायची आणि पुढच्या गाडीला दटावायची, “सरक की बाजूला.”

मी मोबाइल पालथा केला. ते तिला दिसलं असावं. उतरताना म्हणाली, “राग नगं मानूस, पोरी. दिसायला लई ग्वाड हाय. पण जिंकायची न्हाय ती.”

दुपारपर्यंत मी चित्र पुन्हा काढलं.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, “नथ कुठे गेली? हा शर्ट कशाला? ही मराठी वाटत नाही.”

मीटिंगमध्ये माझा माइक नेहमी बंद असतो. मी तो सुरू केला.

“सर, ही रोज माझ्या शेजारी बसून आपला गेम खेळते. शर्ट राहील.”